वर्डप्रेस थीममधील संरचित माहितीचे दोषनिवारण

संरचित माहितीचे दोषनिवारण म्हणजे संकेतस्थळाच्या पानांत यंत्रांसाठी लिहिलेल्या खुणा शोधयंत्रांना नीट वाचता येत नसल्यास किंवा त्यांचा चुकीचा अर्थ लागत असल्यास त्यामागील कारण शोधून ते दूर करण्याची प्रक्रिया होय. संरचित माहितीला मराठीत संरचित विदा असेही म्हणतात. पानावरील मजकूर मनुष्याला वाचून समजतो. त्या मजकुरातील कोणते शब्द शीर्षक आहेत, कोणते लेखकाचे नाव आहे आणि कोणता आकडा किंमत आहे, हे यंत्राला मात्र स्वतंत्रपणे सांगावे लागते. हे सांगण्यासाठी ज्या खुणा वापरल्या जातात त्यांना संरचित माहितीचे मार्कअप म्हणतात.

वर्डप्रेससारख्या आशय व्यवस्थापन प्रणालीत हे मार्कअप बहुधा संकेतस्थळाचा मालक स्वतः लिहीत नाही. ते थीम, थीमची मूळ चौकट आणि निरनिराळी प्लगइन यांच्याकडून आपोआप निर्माण होते. त्यामुळे दोष दिसतो एका ठिकाणी आणि त्याचे मूळ असते दुसऱ्याच ठिकाणी. या विषयातील बहुतेक अडचणी याच वस्तुस्थितीतून उद्भवतात.

## पार्श्वभूमी

वेबपानांत अर्थदर्शक खुणा घालण्याचे अनेक प्रयत्न झाले. २००५ मध्ये मायक्रोफॉरमॅट्स डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ सुरू झाले. मायक्रोफॉरमॅट पद्धतीत एचटीएमएलमधील 'क्लास' या गुणधर्माला ठरावीक नावे देऊन अर्थ सांगितला जाई. उदाहरणार्थ, लेखाच्या संपूर्ण चौकटीला 'एचएन्ट्री', शीर्षकाला 'एन्ट्री-टायटल' आणि लेखकाच्या परिचयाला 'व्हीकार्ड' अशी नावे होती. आरडीएफए या पद्धतीला वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने २००८ मध्ये शिफारशीचा दर्जा दिला. मायक्रोडेटा ही तिसरी पद्धत २००९ मध्ये एचटीएमएल ५ च्या मसुद्यातून पुढे आली.

मे २००९ मध्ये गूगलने शोधनिकालांत तारांकित मूल्यांकन, किंमत यांसारखे तपशील दाखवण्यास सुरुवात केली. २ जून २०११ रोजी गूगल, बिंग आणि याहू या शोधयंत्रांनी मिळून 'स्कीमा डॉट ऑर्ग' हा सामाईक शब्दसंग्रह जाहीर केला. त्याच वर्षी रशियातील यांडेक्स त्यात सामील झाले. लेख, व्यक्ती, संस्था, पाककृती, कार्यक्रम, उत्पादन अशा प्रकारांची नावे आणि त्यांचे गुणधर्म या शब्दसंग्रहात निश्चित केलेले आहेत.

जेसन-एलडी या पद्धतीला जानेवारी २०१४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमची शिफारस मिळाली आणि तिची १.१ ही आवृत्ती जुलै २०२० मध्ये आली. मायक्रोडेटा व आरडीएफए यांत खुणा दृश्य मजकुराभोवती गुंफलेल्या असतात. जेसन-एलडीमध्ये संपूर्ण माहिती पानातील एका वेगळ्या 'स्क्रिप्ट' खंडात एकत्र लिहिली जाते. मांडणी बदलली तरी हा खंड अबाधित राहतो. गूगलने आपल्या मार्गदर्शनात तिन्ही पद्धती मान्य केल्या असल्या, तरी जेसन-एलडीची शिफारस केली आहे.

## थीममध्ये मार्कअप कोठून येते

वर्डप्रेसच्या एकाच पानावर पुढील चार स्रोतांकडून संरचित माहिती येऊ शकते.

* वर्डप्रेसची मूळ आज्ञावली: 'पोस्ट-क्लास' हे फंक्शन प्रत्येक नोंदीच्या चौकटीला इतर नावांबरोबर 'एचएन्ट्री' हे नावही जोडते.
* मूळ थीम किंवा थीम-चौकट: काही थीम इतर थीमसाठी पाया म्हणून वापरल्या जातात. स्टुडिओप्रेसची जेनेसिस ही अशी चौकट आहे. २०१३ मध्ये आलेल्या तिच्या २.० या आवृत्तीत एचटीएमएल ५ बरोबर स्कीमा डॉट ऑर्गचे मायक्रोडेटा समाविष्ट करण्यात आले.
* चाइल्ड थीम: मूळ थीमला धक्का न लावता बदल करण्यासाठी तिच्यावर आधारित चाइल्ड थीम बनवली जाते. तिच्यातील साचा मूळ थीममधील त्याच नावाच्या साच्याची जागा घेतो.
* प्लगइन: शोधयंत्र-अनुकूलन, पाककृती, दुकान, मूल्यांकन अशा कामांची प्लगइन स्वतःचे मार्कअप तयार करतात. ते बहुधा जेसन-एलडी स्वरूपात असते.

हे चारही स्रोत एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करतात. एकाने काय लिहिले आहे याची दुसऱ्याला सहसा माहिती नसते.

## दोषांचे प्रमुख प्रकार

### अपुरे गुणधर्म

वर्डप्रेस थीममधील सर्वांत परिचित दोष 'एचएन्ट्री'शी संबंधित होता. गूगलच्या वेबमास्टर टूल्समध्ये, म्हणजे २०१५ पासूनच्या सर्च कन्सोलमध्ये, अनेक संकेतस्थळांच्या मालकांना 'अपडेटेड', 'ऑथर' किंवा 'एन्ट्री-टायटल' हे गुणधर्म सापडत नसल्याच्या सूचना दिसत. मालकाने असे मार्कअप कधीच घातलेले नसल्याने त्याला सूचनेचा अर्थ लागत नसे.

कारण साधे होते. वर्डप्रेसची मूळ आज्ञावली चौकटीला 'एचएन्ट्री' हे नाव देत असे. परंतु त्या चौकटीत शीर्षक, बदलाची तारीख आणि लेखक यांना योग्य नावे देणे हे थीमचे काम होते. 'आमच्याविषयी', 'संपर्क' अशा स्थिर पानांवर थीम तारीख आणि लेखक दाखवतच नसे. परिणामी 'ही एक नोंद आहे' अशी घोषणा तर होई, पण नोंदीला आवश्यक असलेले तपशील मिळत नसत. यावर दोन उपाय होते. थीममध्ये उणे असलेले गुणधर्म घालणे हा पहिला. आणि 'पोस्ट-क्लास' या नावाच्याच फिल्टरद्वारे स्थिर पानांवरून 'एचएन्ट्री' हे नाव काढून टाकणे हा दुसरा. मात्र एखाद्या थीमची शैलीपत्रिका याच नावावर अवलंबून असेल, तर नाव काढल्यावर पानाची मांडणी बिघडते. म्हणून दुसरा उपाय करण्यापूर्वी शैलीपत्रिका तपासणे आवश्यक ठरते.

### तुटलेली रचना

मायक्रोडेटामध्ये 'आयटमस्कोप' हा गुणधर्म एका वस्तूची हद्द आखतो, 'आयटमटाइप' त्या वस्तूचा प्रकार सांगतो आणि 'आयटमप्रॉप' तिचे गुणधर्म सांगतो. प्रत्येक 'आयटमप्रॉप' आपल्याला वेढणाऱ्या सर्वांत जवळच्या 'आयटमस्कोप'शी जोडला जातो. हा नियम लक्षात घेतला की पुष्कळ दोषांचा उलगडा होतो.

चाइल्ड थीमच्या लेखकाने मांडणी सुटसुटीत करण्यासाठी एखादी बाहेरची चौकट काढून टाकली आणि हद्दीची खूण त्याच चौकटीवर असली, तर आतील गुणधर्म निराधार होतात किंवा त्याहून बाहेरच्या वस्तूला चिकटतात. लेखाखाली 'संबंधित लेख' दाखवणाऱ्या पट्टीत प्रत्येक लेखाला स्वतंत्र हद्द नसेल, तर त्या सर्व लेखांची शीर्षके मुख्य लेखाचीच शीर्षके ठरतात. प्रतिक्रियांच्या विभागात असे घडल्यास प्रतिक्रिया देणारा वाचक यंत्राच्या दृष्टीने लेखाचा सहलेखक बनतो. पान डोळ्यांना पूर्णपणे बरोबर दिसत असल्यामुळे हा दोष दीर्घकाळ लक्षात येत नाही.

### जेसन-एलडीतील लेखनदोष

जेसनचे लेखननियम कडक आहेत. शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम चालत नाही, एकेरी अवतरणचिन्हे चालत नाहीत आणि टिपणेही लिहिता येत नाहीत. नियमाचा एक भंग झाला तरी संपूर्ण खंड वाचता येत नाही. थीममध्ये अनेकदा जेसनचा साचा हाताने लिहून त्यात शीर्षक थेट जोडलेले असते. बहुतेक लेखांवर तो बिनचूक चालतो. परंतु ज्या लेखाच्या शीर्षकात दुहेरी अवतरणचिन्ह येते, तेथे जेसनमधील मजकूर मध्येच संपतो आणि खंड निकामी होतो. मोजक्याच पानांवर दोष आढळत असेल, तर ही शक्यता प्रथम तपासली जाते. यावरील योग्य उपाय म्हणजे माहिती पीएचपीच्या ॲरेमध्ये भरून वर्डप्रेसच्या जेसन-एन्कोड फंक्शनकडून जेसन तयार करून घेणे. विशेष चिन्हांची काळजी ते फंक्शन स्वतः घेते.

जेसन-एलडीचा खंड लेखाच्या संपादकात चिकटवल्यासही अडचण येते. ज्या सदस्याला अनिर्बंध एचटीएमएल लिहिण्याचा अधिकार नाही, त्याच्या मजकुरातून 'स्क्रिप्ट' ही खूण सुरक्षेसाठी काढून टाकली जाते आणि आतला मजकूर वाचकांना उघड दिसू लागतो. लेखक आणि योगदानकर्ता या भूमिकांना हा अधिकार नसतो.

गुणधर्मांच्या नावांत लहानमोठ्या रोमन अक्षरांचा भेद पाळावा लागतो. प्रकारांची नावे मोठ्या अक्षराने, तर गुणधर्मांची नावे लहान अक्षराने सुरू होतात. याउलट, स्कीमा डॉट ऑर्गचा पत्ता 'एचटीटीपी'ने लिहिला आहे की 'एचटीटीपीएस'ने, यामुळे दोष उत्पन्न होत नाही. दोन्ही रूपे स्वीकारली जातात.

### दुहेरी मार्कअप

थीमचे मायक्रोडेटा आणि प्लगइनचे जेसन-एलडी एकाच पानावर आल्यास यंत्राला एकाच लेखाच्या दोन नोंदी दिसतात. दोन्हींतील माहिती सारखी असेल, तर फारशी हानी होत नाही. थीम लेखकाचे नाव देते आणि प्लगइन संस्थेचे, किंवा एक प्रकाशनाची तारीख देतो आणि दुसरा बदलाची, अशा वेळी मात्र कोणती माहिती ग्राह्य धरायची हे अनिश्चित होते. योस्ट या प्लगइनने २०१९ मध्ये आपली संरचित माहिती परस्परांशी जोडलेल्या एकाच आलेखाच्या रूपात देण्यास सुरुवात केली. जेनेसिसच्या नंतरच्या आवृत्त्यांत योस्टचे जेसन-एलडी चालू असल्याचे आढळल्यास चौकटीचे स्वतःचे मायक्रोडेटा थांबवण्याची सोय करण्यात आली.

### बदललेले नियम

काही वेळा थीममध्ये काहीच बदललेले नसते. बदलतात ते शोधयंत्राचे नियम. त्याची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत.

* गूगलने लेखांसाठी चित्र, प्रकाशक आदी तपशिलांची अपेक्षा वाढवल्यावर ज्या थीम प्रत्येक नोंदीला 'ब्लॉगपोस्टिंग' हा प्रकार देत होत्या, त्यांच्या पानांवर एकाएकी दोष दिसू लागले. जेनेसिसने पुढे तो प्रकार बदलून 'क्रिएटिव्हवर्क' हा अधिक व्यापक प्रकार स्वीकारला. सध्याच्या मार्गदर्शनात लेखासाठी कोणताही गुणधर्म अनिवार्य नाही. काही गुणधर्मांची केवळ शिफारस आहे.
* शोधनिकालांत लेखकाचे नाव दाखवण्याची सोय गूगलने ऑगस्ट २०१४ मध्ये बंद केली.
* 'डेटा-व्होकॅब्युलरी' या जुन्या शब्दसंग्रहाचा पाठिंबा काढून घेत असल्याचे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. मार्गदर्शक दुव्यांच्या ओळीसाठी तो शब्दसंग्रह वापरणाऱ्या जुन्या थीमच्या मालकांना त्यामुळे इशारे मिळू लागले.
* संस्थेने स्वतःच्याच संकेतस्थळावर स्वतःविषयी प्रसिद्ध केलेल्या अभिप्रायांचे तारे दाखवणे सप्टेंबर २०१९ मध्ये थांबवण्यात आले.
* प्रश्नोत्तरांचे विस्तारित निकाल ऑगस्ट २०२३ पासून प्रामुख्याने नामांकित शासकीय व आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरते मर्यादित झाले.

### दृश्य मजकुराशी विसंगती

मार्कअप लेखनदृष्ट्या निर्दोष असूनही खोटे असू शकते. काही थीममध्ये पाच तारे किंवा नमुन्यादाखल दिलेला पत्ता आधीच भरलेला असतो आणि संकेतस्थळाचा मालक तो बदलण्यास विसरतो. जी माहिती वाचकाला पानावर दिसत नाही ती केवळ यंत्राला सांगणे, हा गूगलच्या धोरणाचा भंग आहे. अशा संकेतस्थळावर मानवी परीक्षणानंतर कारवाई होऊ शकते. या कारवाईने पान विस्तारित निकालांसाठी अपात्र ठरते. सर्वसाधारण शोधनिकालांतील त्याच्या क्रमावर तिचा परिणाम होत नाही. कोणतेही तपासणी साधन हा दोष पूर्णपणे ओळखू शकत नाही, कारण तारे खरे आहेत की नाहीत हे यंत्राला ठाऊक नसते. दवाखान्याची चुकीची वेळ किंवा उलटून गेलेल्या नोकरभरतीची जाहिरात अशा प्रसंगी त्याची झळ थेट वाचकाला बसते.

## मराठी संकेतस्थळांतील विशेष बाबी

स्कीमा डॉट ऑर्गवरील बहुतेक उदाहरणे इंग्रजीत आहेत. मराठी संकेतस्थळांवर काही दोष लिपी, अंक आणि कालगणना यांमुळे निर्माण होतात.

तारीख. स्कीमा डॉट ऑर्गमधील तारखा आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे, म्हणजे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि आंतरराष्ट्रीय अंकलेखनातील आकड्यांनी लिहाव्या लागतात. वर्डप्रेसची भाषा मराठी ठेवल्यावर तारखेतील महिन्याचे नाव मराठीत येते. वाचकाला दिसणारी तीच तारीख थीमने प्रकाशन-दिनांकाच्या गुणधर्मात भरली, तर 'ऑगस्ट' किंवा 'डिसेंबर' हे देवनागरी शब्द यंत्राला तारीख म्हणून वाचता येत नाहीत. मायक्रोडेटामध्ये 'टाइम' या घटकाच्या दृश्य भागात मराठी तारीख आणि त्याच्या 'डेटटाइम' गुणधर्मात मानक तारीख ठेवल्यास दोन्ही गरजा भागतात.

वेळेचा पट्टा. वर्डप्रेस पीएचपीचा मूळ काळविभाग जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते. थीमने वर्डप्रेसची फंक्शने टाळून पीएचपीचे तारखेचे फंक्शन वापरले, तर स्थानिक वेळेपुढे शून्य फरकाचे चिन्ह लागण्याचा धोका असतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १ मे रोजी पहाटे २ वाजता प्रसिद्ध झालेल्या लेखाची वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार ३० एप्रिल रोजी रात्री ८ वाजून ३० मिनिटे अशी होते. वेळेचा फरक चुकीचा नोंदला गेला किंवा गाळला गेला, तर बातमीची तारीखच एका दिवसाने बदलू शकते. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'कोलकाता' हा काळविभाग निवडणे ही त्यावरील पहिली दुरुस्ती आहे.

किंमत आणि अंक. किमतीच्या गुणधर्मात देवनागरी अंक वापरू नयेत. शून्य ते नऊ हे आकडे आंतरराष्ट्रीय अंकलेखनातीलच असावेत, असे स्कीमा डॉट ऑर्गचे मार्गदर्शन सांगते. सहस्र किंवा लक्ष दर्शवणारे स्वल्पविराम टाळावेत आणि रुपयाचे चिन्ह किमतीला न जोडता चलनाचे 'आयएनआर' हे संक्षिप्त नाव वेगळ्या गुणधर्मात द्यावे, असाही संकेत आहे. वाचकाला मात्र '₹१,२५,०००' अशी किंमत दाखवण्यास काहीच हरकत नसते.

भाषेची खूण. भाषा सांगणाऱ्या गुणधर्मात मराठीसाठी 'एमआर' हे दोन अक्षरी आणि कोकणीसाठी 'केओके' हे तीन अक्षरी संक्षिप्त रूप वापरले जाते. तयार थीममध्ये इंग्रजीचे रूप कायमचे लिहून ठेवलेले असेल, तर संपूर्ण मराठी मजकूर इंग्रजी म्हणून घोषित होतो.

देवनागरीचे सांकेतिक रूप. पीएचपीने तयार केलेल्या जेसनमध्ये देवनागरी अक्षरांच्या जागी युनिकोडचे सांकेतिक आकडे दिसू शकतात. हा दोष नाही. यंत्र ते आकडे वाचून मूळ अक्षरेच मिळवते. पानाचा स्रोत पाहून मजकूर बिघडला असे समजणे आणि चालू आज्ञावली बदलणे, ही नवशिक्यांकडून होणारी चूक आहे.

## निदानाची पद्धत

दोषनिवारणात दुरुस्तीपेक्षा निदानाला अधिक वेळ लागतो. निदान सामान्यतः पुढील क्रमाने केले जाते.

१. एका पानाची निवड. सर्च कन्सोलमधील अहवाल शेकडो पानांची यादी दाखवतो. परंतु ती सर्व पाने बहुधा एकाच साच्यातून तयार झालेली असतात. त्यांपैकी एक दोषयुक्त आणि एक निर्दोष पान निवडून दोहोंची तुलना केली जाते.

२. स्रोताची पाहणी. पानाच्या स्रोतात 'आयटमस्कोप', 'एचएन्ट्री' आणि जेसन-एलडीचा 'स्क्रिप्ट' खंड यांचा शोध घेतला जातो. सर्व्हरकडून आलेला मूळ स्रोत आणि ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालल्यानंतरचे रूप यांत फरक असल्यास मार्कअप जावास्क्रिप्टने घातलेले असते.

३. साधनांद्वारे तपासणी. गूगलचे जुने संरचित माहिती तपासणी साधन बंद करण्याचा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला. त्यानंतर दोन साधने वापरात आहेत. गूगलची विस्तारित निकाल चाचणी केवळ गूगल ज्या प्रकारांचे विस्तारित निकाल दाखवते तेच तपासते. २०२१ मध्ये सुरू झालेले स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटर संपूर्ण शब्दसंग्रहाच्या आधारे जेसन-एलडी, मायक्रोडेटा व आरडीएफए तपासते. एका साधनाने पान निर्दोष ठरवले आणि दुसऱ्याने दोष दाखवला, तरी त्यात विरोधाभास नसतो. दोन्ही साधने वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मायक्रोफॉरमॅटची तपासणी ही दोन्ही साधने करत नाहीत.

४. स्रोत वेगळा करणे. संकेतस्थळाच्या चाचणी प्रतीवर प्लगइन एकेक करून बंद केली जातात आणि नंतर काही काळ वर्डप्रेसची मूळ थीम लावली जाते. ज्या पायरीवर दोष नाहीसा होतो, तेथे त्याचे मूळ असते. चाचणी प्रत नसल्यास 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' या प्लगइनद्वारे केवळ प्रशासकापुरती प्लगइन बंद ठेवता येतात. अशा वेळी पानाचा पत्ता देऊन केलेली तपासणी उपयोगाची नसते, कारण बाहेरच्या साधनाला संकेतस्थळ पूर्वीसारखेच दिसते. प्रशासकाला दिसणारा स्रोत नकलून साधनात चिकटवावा लागतो.

५. साठवलेल्या प्रती पुसणे. प्रत्येक बदलानंतर प्लगइन, सर्व्हर आणि आशय-वितरण जाळे यांनी साठवलेल्या पानाच्या जुन्या प्रती काढून टाकल्या जातात. हे न केल्यास योग्य दुरुस्तीही निष्फळ वाटते आणि शोध भलत्याच दिशेला जातो.

एखाद्या प्लगइनचे मार्कअप पानावर अजिबात दिसत नसेल, तर थीमच्या शीर्षभागाच्या साच्यात 'डब्ल्यूपी-हेड' आणि तळभागाच्या साच्यात 'डब्ल्यूपी-फूटर' ही फंक्शने बोलावलेली आहेत का, हे पाहिले जाते. प्लगइन आपला खंड याच ठिकाणी जोडतात.

## दुरुस्ती

मूळ थीमच्या फाइलमध्ये थेट केलेला बदल पुढील अद्ययावतीकरणात पुसला जातो. म्हणून दुरुस्ती चाइल्ड थीममध्ये किंवा लहान स्वतंत्र प्लगइनमध्ये केली जाते. साचा नकलून बदलण्यापेक्षा हुक आणि फिल्टर यांचा वापर अधिक टिकाऊ ठरतो. चाइल्ड थीममध्ये नकललेला साचा त्या दिवसाच्या स्थितीत गोठतो. मूळ थीमने पुढे मार्कअप सुधारले तरी ती सुधारणा त्या पानांपर्यंत पोहोचत नाही. थीम अद्ययावत असूनही जुना दोष दिसत राहिल्यास चाइल्ड थीममधील साच्यांच्या तारखा प्रथम पाहिल्या जातात.

जेनेसिसमध्ये प्रत्येक घटकाच्या गुणधर्मांसाठी स्वतंत्र फिल्टर आहेत. त्यामुळे शीर्षक, नोंद किंवा लेखक यांपैकी एकाच घटकाचे मायक्रोडेटा बदलता किंवा काढता येते. हद्दीची खूण काढताना तिच्यावर अवलंबून असलेले आतील गुणधर्मही काढावे लागतात. अन्यथा एक दोष जाऊन तुटलेल्या रचनेचा दोष येतो.

वर्डप्रेसमध्ये चाइल्ड थीमची 'फंक्शन्स' फाइल मूळ थीमच्या फाइलच्या आधी वाचली जाते. मूळ थीमने जोडलेली क्रिया चाइल्ड थीममधून तत्काळ काढू पाहिल्यास, त्या क्षणी ती जोडलेलीच नसल्याने आज्ञेचा उपयोग होत नाही. क्रिया काढण्याची आज्ञा नंतरच्या हुकवर ठेवावी लागते आणि क्रिया जोडताना दिलेला प्राधान्यक्रमच तेथे पुन्हा द्यावा लागतो.

दुहेरी मार्कअपच्या बाबतीत एकच स्रोत ठेवणे हा सर्वमान्य उपाय आहे. जेसन-एलडीचे दोन खंड आवश्यकच असतील, तर दोन्हींत एकाच वस्तूला समान ओळखपत्ता दिल्यास यंत्र त्यांना एकच वस्तू मानू शकते.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातील प्रत्येक दोष प्रत्यक्षात आढळणारा आहे. एका मराठी पाककृतींच्या संकेतस्थळावर पुरणपोळीच्या पानाचा विस्तारित निकाल दिसेनासा होतो. तपासणीत पुढील गोष्टी आढळतात: पाककृतीच्या प्लगइनने जेसन-एलडी दिले आहे, त्यात शिजवण्याचा वेळ 'दीड तास' असा लिहिला आहे, मूल्यांकन ८ आहे, आणि पाककृतीचे चित्र दिलेले नाही.

गूगलच्या पाककृती-निकालासाठी नाव आणि चित्र हे दोन गुणधर्म अनिवार्य आहेत. त्यामुळे निकाल नाहीसा होण्याचे मुख्य कारण चित्राचा अभाव हे आहे. शोध पुढे नेल्यावर असे दिसते, की प्लगइन नोंदीचे मुख्य चित्र वापरते. परंतु नव्या थीममध्ये मुख्य चित्राची सोय चालू केलेली नाही. म्हणजे दोष प्लगइनच्या मार्कअपमध्ये दिसत असला, तरी त्याचे मूळ थीममध्ये आहे. कालावधी आयएसओ ८६०१ च्या स्वरूपात, एक तास आणि तीस मिनिटे असा सांकेतिक रीतीने लिहावा लागतो. वाचकासाठी 'दीड तास' हेच शब्द ठेवता येतात. मूल्यांकनाची कमाल मर्यादा सांगितलेली नसल्यास ती ५ मानली जाते. म्हणून ८ हा आकडा मर्यादेबाहेर जातो. हे मूल्यांकन दहापैकी असेल, तर कमाल मूल्य १० असल्याचे नोंदवावे लागते. ते वाचकांनी दिलेलेच नसून थीमच्या नमुन्यातून आलेले असेल, तर तो गुणधर्म काढून टाकणे हीच योग्य दुरुस्ती ठरते.

दुरुस्तीनंतर जुन्या प्रती पुसून पान पुन्हा तपासले जाते आणि सर्च कन्सोलमध्ये दुरुस्तीच्या पडताळणीची विनंती केली जाते. गूगलचे यंत्र पानाला पुन्हा भेट देईपर्यंत अहवालात जुनाच दोष दिसत राहतो.

## मर्यादा

निर्दोष मार्कअप असले तरी विस्तारित निकाल दिसेलच अशी हमी कोणतेही शोधयंत्र देत नाही. मार्कअपमुळे पान पात्र ठरते. ते कसे दाखवायचे याचा निर्णय शोधयंत्र घेते. प्रत्येक सूचना दूर करण्याची गरजही नसते. अनिवार्य गुणधर्म नसणे हा दोष आहे. शिफारस केलेला गुणधर्म नसणे ही केवळ उणीव आहे. सूचना नाहीशी व्हावी म्हणून जवळ नसलेली माहिती कल्पनेने भरल्यास लेखनदृष्ट्या शुद्ध परंतु असत्य मार्कअप तयार होते, आणि अपुऱ्या मार्कअपपेक्षा ते अधिक हानिकारक असते.

## हेही पाहा

* स्कीमा डॉट ऑर्ग
* जेसन-एलडी
* मायक्रोडेटा
* वर्डप्रेस
* शोधयंत्र अनुकूलन